रस्त्याच्या खडीत मिसळलेले नाव

थोर पुरुषांची नावे आपण पुतळ्यांच्या चौथऱ्यांवर, ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर आणि संस्थांच्या प्रवेशद्वारांवर वाचतो. एका स्कॉटिश गृहस्थाचे नाव मात्र रस्त्याच्या खडीत मिसळून गेले आहे. बांधकाम खात्याच्या निविदांत आणि रस्त्याच्या कामावरील माणसांच्या बोलण्यात डब्ल्यू. बी. एम. ही तीन अक्षरे नेहमी येतात. खडी पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून घट्ट केलेल्या थराचे ते नाव आहे. त्यांतील शेवटचे अक्षर मॅकॅडम या शब्दाचे, आणि तो शब्द कोण्या यंत्राचा वा पदार्थाचा नसून एका माणसाचे आडनाव आहे. जॉन लाउडन मॅकॅडम हे त्याचे पूर्ण नाव. रस्ता कसा बांधावा हे त्याने जगाला शिकवले, असे पुष्कळ जण सांगतात. रस्ता कसा राखावा, हे त्याने त्याहूनही अधिक आग्रहाने शिकवले. ते मात्र आपण सोयीस्करपणे विसरून गेलो आहोत.

मॅकॅडमचा जन्म स्कॉटलंडमधील एअर या गावी सप्टेंबर १७५६ मध्ये झाला. घराणे प्रतिष्ठित होते, परंतु दैव अनुकूल नव्हते. वडिलांनी पेढी काढली होती. ती टिकली नाही आणि घरची स्थिती खालावली. मेबोल येथील शाळेत शिकत असताना या मुलाने जवळच्या एका रस्त्याची छोटी प्रतिकृती तयार केली होती, अशी कथा सांगतात. मोठ्या माणसांच्या बालपणी अशा कथा मागाहून चिकटत असतात, म्हणून तिच्यावर फार भार देण्याचे कारण नाही. सन १७७० मध्ये वडील वारले आणि चौदा वर्षांच्या जॉनला अमेरिकेत न्यूयॉर्क येथे व्यापार करणाऱ्या चुलत्याकडे धाडण्यात आले. ज्या वयात आपले विद्यार्थी आठवी-नववीच्या वर्गात बसतात, त्या वयात तो समुद्र ओलांडून परक्या मुलखात हिशेबाच्या वह्या लिहू लागला.

तेथे त्याचे भाग्य उजळले. थोड्याच वर्षांत अमेरिकेतील वसाहतींनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारले. मॅकॅडम राजनिष्ठ पक्षाचा होता आणि न्यूयॉर्क शहर बराच काळ इंग्रज फौजेच्या ताब्यात होते. युद्धात पकडून आणलेली जहाजे व त्यांवरील माल विकून देण्याचा व्यवसाय करून त्याने मोठी संपत्ती जोडली. सन १७७८ मध्ये त्याने तेथील ग्लोरियाना निकोल हिच्याशी विवाह केला. आज आपण स्वातंत्र्याच्या बाजूने विचार करतो, त्यामुळे त्याच्या चरित्रातील हे प्रकरण आपल्याला फारसे रुचणार नाही. पण चरित्र लिहिताना न रुचणारे पान फाडून टाकता येत नाही. सन १७८३ मध्ये युद्ध संपले, वसाहती स्वतंत्र झाल्या आणि पराभूत पक्षाच्या या व्यापाऱ्याची बरीचशी मालमत्ता जप्त झाली. बायकामुले आणि उरलेसुरले द्रव्य घेऊन तो मायदेशी परतला.

उरलेले द्रव्यही थोडे नव्हते. त्यातून त्याने एअर परगण्यात सॉक्री नावाची जहागीर विकत घेतली आणि तो तेथे राहू लागला. याच काळात तो त्या परगण्याच्या रस्त्यांवर देखरेख करणाऱ्या मंडळाचा सभासद झाला. त्या वेळी ब्रिटनमधील मोठे रस्ते बहुतांशी अशा स्थानिक मंडळांच्या हाती असत. रस्त्यावर नाके उभारून ती गाड्याघोड्यांकडून पथकर घेत आणि त्या पैशातून रस्त्याची डागडुजी करावी अशी अपेक्षा असे. कर नेमाने गोळा होई, डागडुजी मात्र नेमाने होत नसे. पैसा येतो, खर्चही होतो आणि रस्ता जेथल्या तेथे चिखलात रुतलेला राहतो, हे कोडे मॅकॅडमच्या मनात प्रथम येथे शिरले.

रस्त्यांकडे वळण्यापूर्वी त्याने आणखी एका उद्योगात हात घातला, आणि पुढील इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला त्याचे मोठे नवल वाटते. तो उद्योग होता डांबराचा. लॉर्ड डंडोनाल्ड या त्याच्या नात्यातील उमरावाने दगडी कोळसा भट्टीत तापवून त्यातून डांबर काढण्याची युक्ती शोधली होती. स्कॉटलंडमधील म्युअरकर्क येथे तशा भट्ट्या होत्या आणि मॅकॅडम त्या कारभारात शिरला. लाकडी जहाजांच्या तळाला समुद्रातील किडे पोखरतात. तळाला डांबर फासले की लाकूड वाचते, असा हिशेब होता. परंतु आरमाराने जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकण्याची पद्धत स्वीकारली आणि डांबराला अपेक्षित गिऱ्हाईक उरले नाही. या धंद्यात मॅकॅडमचे पैसे बुडाले आणि शेवटी सॉक्रीची जहागीरही गेली. अशा रीतीने दुसऱ्यांदा मिळवलेले दुसऱ्यांदा हातचे गेले.

सन १७९८ मध्ये तो इंग्लंडच्या दक्षिण टोकाला फाल्मथ बंदरात आला. आरमाराला रसद पुरवण्याचे काम त्याला मिळाले होते. पुढे तो ब्रिस्टल शहरी स्थायिक झाला. वय चाळिशी ओलांडून पुढे गेलेले, संपत्ती ओसरलेली, आणि तरीही रस्त्यांचे ते जुने कोडे काही मनातून जाईना. सन १७९८ ते १८१४ या काळात त्याने देशातील रस्ते स्वतः हिंडून पाहिले. त्याने केलेला प्रवास सुमारे ३०,००० मैलांचा भरतो आणि त्यापायी त्याने पदरचे ५,००० पौंडांहून अधिक द्रव्य वेचले. त्याला हे काम कोणी सांगितले नव्हते. पोटासाठी एक काम आणि ध्यासासाठी दुसरे, असा हा सोळा वर्षांचा क्रम होता.

या हिंडण्यातून त्याच्या ध्यानात जे आले, ते ऐकायला अगदी साधे आहे. गाडीचा भार दगड पेलत नाहीत. तो पेलते दगडांखालची जमीन. जमीन कोरडी असेल तर ती वाटेल तेवढे ओझे वाहून नेईल, आणि ओली असेल तर तिच्यावर कितीही मोठे धोंडे घाला, ते एक एक करून चिखलात बुडतील. म्हणून रस्ता करणे म्हणजे जमिनीवर एक छप्पर घालणे होय. घराच्या छपराने जसे घर कोरडे राहते, तशी रस्त्याच्या थराने खालची माती कोरडी राहिली पाहिजे. रस्त्याचा खरा वैरी चाक नसून पाणी आहे, हे या विचाराचे सार होते.

मग छप्पर घालावे कसे? रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किंचित उंच असावा, कडेला चर असावेत, आणि मध्यभाग थोडा उचललेला असावा, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंना निथळून जाईल. हा उंचवटाही त्याने बेताचाच ठेवला. तीस फूट रुंद रस्त्याला मध्यभागी तीन इंच पुरेत, असे त्याचे मत होते. थराची जाडी सुमारे दहा इंच. त्यात घालायचे दगड गोल नकोत, फोडलेले आणि कोनदार हवेत, आणि एकाचेही वजन सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा, जास्त नको. गोल गोटे चाकाखाली घरंगळतात. कोनदार तुकडे मात्र एकमेकांत अडकतात आणि गाड्यांच्या वर्दळीने अधिकच घट्ट बसतात. त्यांत माती मिसळण्यास त्याची सक्त मनाई होती, कारण माती पाणी धरून ठेवते आणि थंडीत ते पाणी गोठले की थर फुगून उकलतो.

दगडाच्या मापावर तो इतका कटाक्ष ठेवी, की देखरेख करणारे लोक तराजू बाळगू लागले. ज्यांच्याजवळ तराजू नसे, त्यांनी दगड तोंडात मावतो की नाही हे पाहावे, असा संकेत होता म्हणतात. एका कामावर दगड मोठाले निघू लागले. चौकशी केली तेव्हा तेथील मजुराच्या तोंडात एकही दात नसल्याचे आढळले, अशी एक गमतीची गोष्टही सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, मापाबद्दलचा त्याचा हट्ट तिच्यातून नेमका कळतो.

सन १८१६ मध्ये, वयाच्या साठीला टेकल्यावर, ब्रिस्टलच्या पथकर मंडळाने त्याला आपल्या रस्त्यांचा मुख्य देखरेख अधिकारी नेमले आणि आपले म्हणणे कृतीने सिद्ध करण्याची संधी त्याला प्रथमच मिळाली. नव्या खडीच्या राशी मागवण्याऐवजी त्याने जुनेच रस्ते उकरले, त्यांतील धोंडे बाहेर काढून फोडले, माती वेगळी केली आणि तीच खडी पुन्हा पसरली. पुष्कळ ठिकाणी रस्त्याला लागणारा दगड रस्त्यातच पुरलेला होता. दगड फोडण्याचे काम त्याने बसून, लहान हातोड्याने करण्याची रीत घातली; त्यामुळे म्हातारी माणसे, बायका आणि मुले यांनाही त्यात मजुरी मिळू लागली. गरिबाला काम आणि जनतेला रस्ता, असा दुहेरी लाभ त्याला त्यात दिसला. तथापि पुढे इंग्लंडातील गरिबांच्या आश्रयगृहांत आणि तुरुंगांत हेच खडी फोडण्याचे काम शिक्षेसारखे लादले गेले, हेही नमूद केले पाहिजे. चांगल्या हेतूने घातलेली रीत वाईट हातांत गेली म्हणजे काय होते, याचे ते उदाहरण आहे.

त्याच वर्षी त्याने रस्ते करण्याच्या प्रचलित पद्धतीवर टीका करणारे एक पुस्तक लिहिले, आणि १८१९ मध्ये दुसरे. या दुसऱ्या पुस्तकाच्या नावातच त्याने शास्त्रशुद्ध दुरुस्ती आणि जतन हे शब्द घातले आहेत. रस्त्यांवर नेमलेली माणसे शिकलेली असावीत, त्यांना पुरेसे वेतन मिळावे आणि मंडळांनी पैशाचा चोख हिशेब द्यावा, असेही त्याने निर्भीडपणे मांडले. साहजिकच ज्यांच्या हिशेबात गोंधळ होता, त्यांना तो आवडेनासा झाला. काही नामांकित अभियंत्यांचाही त्याला विरोध होता. टॉमस टेल्फर्ड हा त्या काळचा थोर बांधकामकार मोठ्या दगडांचा भक्कम पाया घालून त्यावर रस्ता बांधी. त्याचे रस्ते उत्तम असत, पण खर्च फार येई. मॅकॅडमचे रस्ते स्वस्त होते, आणि मंडळांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या. दगड फोडून पसरण्याची कल्पना काही त्याच्या एकट्याची नव्हती. त्याच्या आधीही ती इतर देशांत होती. पण एका साध्या तत्त्वावर सर्व कृती उभारून, ती देशभर अमलात आणण्याचे श्रेय निःसंशय त्याचे आहे.

सन १८२३ मध्ये संसदेच्या समितीने या प्रश्नाची चौकशी केली आणि त्याच्या पद्धतीला मान्यता मिळाली. त्याच वर्षी अमेरिकेत मेरीलँड राज्यात बून्सबरो ते हेगर्सटाउन हा तेथील पहिला मॅकॅडम रस्ता झाला. ज्या देशाने एकेकाळी त्याची मालमत्ता जप्त केली, त्याच देशाने त्याची विद्या मात्र आपखुशीने स्वीकारली. टपालाच्या घोडागाड्या आता पूर्वीपेक्षा वेगाने आणि वेळेवर धावू लागल्या. सन १८२७ मध्ये लंडन परिसरातील रस्त्यांचा मुख्याधिकारी म्हणून त्याची नेमणूक झाली. पदरमोड करून केलेल्या खर्चाची भरपाई संसदेने अखेर केली, पण ती वादविवाद आणि कुरबुरी यांच्या चाळणीतून गाळून आली. पुढे सरदारकीचा मान देऊ केला असता त्याने तो नम्रपणे नाकारला. १८३४ मध्ये तो मान त्याचा मुलगा जेम्स याने स्वीकारला. उन्हाळ्यात जन्मभूमीला जाऊन येण्याचा त्याचा परिपाठ होता. अशाच एका फेरीवरून परतताना २६ नोव्हेंबर १८३६ रोजी स्कॉटलंडमधील मॉफट या गावी, ऐंशी वर्षांचे आयुष्य पुरे करून, त्याने देह ठेवला. तेथेच त्याची समाधी आहे.

त्याच्या मागे त्याचा रस्ता पुष्कळ हिंडला आणि बदललाही. पुढच्या अभियंत्यांनी खडीवर पाणी मारून जड रोलर फिरवण्याची पद्धत आणली आणि दगडाच्या भुकटीने फटी भरल्या; आपल्याकडील डब्ल्यू. बी. एम. ते हेच. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारगाडी आली. तिची रबरी चाके वेगाने फिरताना फटींतली भुकटी ओढून काढीत. धुळीचे लोट उठत आणि रस्ता उघडा पडे. अशा वेळी इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्याचे अभियंते एडगर हूली यांना एका लोखंडाच्या कारखान्याजवळ रस्त्याचा एक गुळगुळीत, धूळ नसलेला तुकडा दिसला. तेथे डांबराचे पिंप फुटले होते आणि वर भट्टीची मळी टाकलेली होती. १९०२ मध्ये हूलींनी खडी व डांबर यांच्या मिश्रणाचे पेटंट घेतले आणि टारमॅक हा शब्द जन्मला. टार म्हणजे डांबर आणि मॅक म्हणजे आपला मॅकॅडम. ज्या पदार्थाने त्याची जहागीर घालवली, तोच पदार्थ त्याच्या मृत्यूनंतर सहासष्ट वर्षांनी त्याच्या नावाला जोडला गेला. म्युअरकर्कच्या भट्ट्यांत आपल्या हाताखाली डांबर कढत असताना ते रस्त्यावर घालावे, असे त्याला कधी सुचले नाही!

परंतु डांबराने जे साधले ते त्याच्याच तत्त्वाला धरून होते. डांबर हे छप्पर अधिक घट्ट करते, इतकेच. हल्ली बहुतेक ठिकाणी दगडी कोळशाऐवजी खनिज तेलापासून निघालेले डांबर वापरतात. तेही अमर नसते. ऊन आणि हवा लागून ते वर्षागणिक कडक होते, काळ्याचे राखी होते आणि त्याला केसासारख्या बारीक भेगा पडतात. भेगेतून पाणी खाली झिरपते, जमीन मऊ होते, चाकांच्या दाबाने चिखल वर येतो आणि एके दिवशी तेथे खड्डा पडतो. खड्डा आपल्याला अकस्मात पडल्यासारखा वाटतो. वस्तुतः तो भेगेच्या रूपाने कित्येक महिने आपल्या डोळ्यांसमोर असतो.

म्हणून जाणते लोक भेग असतानाच उपाय करतात. प्रथम पृष्ठभाग झाडून स्वच्छ करावा, उगवलेले गवत मुळासकट काढावे, भेगा भरून घ्याव्यात आणि मगच, कोरड्या हवामानात, वर पातळ लेप द्यावा. आपल्याकडे रस्त्यांच्या कामात यालाच सील कोट म्हणतात. त्यात डांबराच्या पातळ थरावर बारीक खडी किंवा रेती पसरतात. अमेरिकेत फाटकापासून मोटारीच्या खोलीपर्यंत जाणारी डांबरी वाट पुष्कळ घरांना असते, आणि घरची माणसे काही वर्षांच्या अंतराने तिला स्वतःच असा लेप देतात. लेप जाड दिला म्हणजे अधिक टिकतो हा भ्रम आहे. जाड लेपाची खपली सुटते. खाली खचलेला रस्ताही वरच्या लेपाने सावरत नाही. तो उकरूनच नीट करावा लागतो. शिवाय दगडी कोळशाच्या डांबरापासून केलेल्या लेपातून विषारी द्रव्ये ओढ्यानाल्यांत जातात, असे दिसून आल्यावर टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहराने २००६ मध्ये त्या लेपावर बंदी घातली. साधन बदलते, त्यातील गुणदोष मागाहून कळतात. पाणी बाहेर ठेवण्याचे तत्त्व मात्र कायम राहते.

विद्यार्थी मित्रांनो, गोमंतकासारख्या प्रदेशात वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. येथे तर हे तत्त्व सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवावे इतक्या मोलाचे आहे. रस्त्याचे उद्घाटन समारंभाने होते, हारतुरे होतात, छायाचित्रे निघतात. कडेचा चर उपसणाऱ्याला आणि भेग बुजवणाऱ्याला मात्र कोणी हार घालीत नाही. मॅकॅडमने आयुष्याची उत्तम वर्षे या हार न मिळणाऱ्या कामाला दिली आणि ते शास्त्राच्या योग्यतेला नेऊन बसवले, हे त्याचे खरे मोठेपण होय. पुस्तके, शाळेची इमारत, घराचे छप्पर किंवा गावची विहीर, यांपैकी कशाचाही विचार केला तरी उभारणाऱ्याइतकीच राखणाऱ्याचीही गरज असते, हे तुमच्या ध्यानात येईल.

यंदा पहिला मोठा पाऊस पडून गेला की आपल्या शाळेसमोरच्या रस्त्याकडे जरा लक्षपूर्वक पाहा. पाणी दोन्ही कडांना निथळून चरात जाते आहे, की मध्येच कोठे थबकले आहे? जेथे ते थबकले असेल ती जागा नीट लक्षात ठेवा आणि पावसाळा संपल्यावर तेथेच पुन्हा जा. तेथे तुम्हाला जे दिसेल, ते समजून घेण्यासाठी मॅकॅडमने ३०,००० मैलांची पायपीट केली होती.